दुधाचं नरसाळं

खालच्या रस्त्यावरचा पूल दुरुस्तीला काढला आणि भर उन्हाळ्यात आमच्या वाट्याला टेकडीचा चढ आला.

पुलावरून दूध केंद्र तसं जवळ. गाडी खोकत, शिंकत का होईना, सपाट रस्त्यानं पोचायची. टेकडीचा रस्ता मात्र भिंतीसारखा उभा. आमची दुचाकी म्हणजे जुनी टू-स्ट्रोक. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून पाजायचं, आणि ती पिणार त्यातलं निम्मं मागून थुंकणार. दोन्ही अंगांना दुधाचे कॅन, पुढं आमचे हे, मागं मी. मी नसले तर कॅन उतरवताना यांचा खांदा जातो, आणि मी असले तर गाडी चढत नाही.

चढाच्या मध्यावर इंजिन घशात काहीतरी अडकल्यासारखं करायचं. हे मान न वळवता म्हणायचे, "उतर."

मी उतरायची. उतरून भागायचं नाही, वाकून मागून रेटायचं. रेटताना तोंड नेमकं धुराच्या वाटेवर. निळा, जड, तेलकट धूर. जिभेवर साय धरावी तसा बसायचा. सायलेन्सरच्या टोकातून काळे थेंब उडायचे ते पोटऱ्यांवर, कपड्यांवर, एकदा तर थेट ओठावर. पाववाला आपल्या गाडीतून आम्हाला ओलांडताना रोज हॉर्न द्यायचा. "काकू, जोर लावा! काकांना झोप लागलीय!"

हे पुढं बसल्याबसल्या हसायचे. आपल्यावरच्या विनोदाला नवरा असा हसतो तेव्हा मला त्याच्या मानेकडं बघवत नाही.

वर पोचलो की मी फडक्यानं तोंड पुसायची. फडकं काळं, थुंकी काळी, नाक शिंकरलं तर तेही काळं. दूध मात्र पांढरंशुभ्र. केंद्रावर दूध घेणाऱ्या माणसाला सगळे पाठीमागं नाक्या म्हणत. प्रत्येकाच्या कॅनवर वाकून तो आधी वास घ्यायचा, मग वाटी बुडवायचा, मग टाकीत घ्यायचा. त्याच्याकडं तपासायचं यंत्रही होतं, पण त्याचा विश्वास नाकावर. माझ्या कॅनवर तो वाकायचासुद्धा नाही. "वहिनी, तुमचं काय बघायचं," म्हणायचा. एवढं एक वाक्य ऐकायला मी तो चढ रेटत होते म्हटलं तरी चालेल.

पण ऊन केंद्राच्या पत्र्यावर आलं की शटर खाली यायचं, आणि आम्ही अर्ध्या शटरखालून वाकून आत शिरायला लागलो. एकदा तर दूध चढावरच नासलं. नाक्या यांना म्हणाला, "दादा, लवकर येत चला. तुमच्यासाठी थांबलो तर उद्या सगळेच थांबवतील."

दुपारी हे मोबाईल घेऊन खाटेवर आडवे झाले. उठले ते इंजिनीअर होऊनच.

"सायलेन्सर गच्च झालाय," म्हणाले. "दमेकऱ्याच्या छातीसारखा. श्वासच बाहेर पडत नाही तिचा."

"मग साफ करून आणा."

"आणायचं कशाला? घरी होतं. एक पैसा लागत नाही."

'एक पैसा लागत नाही' असं यांच्या तोंडून आलं की घरातली एखादी वस्तू गेली म्हणून समजावं. पण मी गायींच्या पाण्याला निघाले होते. नुसतं "बरं" म्हटलं.

परत आले तर स्वयंपाकघराच्या दारातून धूर. यांनी सायलेन्सर सोडवून आतली भोकाभोकांची नळी उपसून काढली होती आणि ती माझ्या शेगडीवर आडवी ठेवून खालून जाळ लावला होता. नळीवरचा काळा थर आधी फुगला, मग त्यातून बुडबुडे आले, मग तो ओघळून शेगडीत टपकायला लागला. तळणाचा जुना तळ आणि मोरीतला केसांचा गुंता एकत्र करून वर्षभर झाकून ठेवावा आणि मग तापवावा, तसा वास. छताला काळी जळमटं लोंबत होती. दुधाच्या पातेल्यावर झाकण होतं म्हणून बरं.

"अहो, अहो! इथं जेवण शिजतं!"

"तापल्याशिवाय सुटत नाही ते. पाचच मिनिटं."

तापूनही सुटलं नाही, तेव्हा कॉस्टिक सोडा आणला. तो कालवला आंघोळीच्या बादलीत. बादली फसफसली, आणि तिच्यातून उग्र, कुजक्या साबणासारखी वाफ निघाली. हे काठीनं ढवळत उभे. चेहऱ्यावर असा आनंद, की मी इतक्या वर्षांत यांच्यापुढं वाढलेल्या कुठल्याच ताटाला तो मिळाला नव्हता.

"बघ, बघ, कसं सुटतंय!" काठीवर काळा लगदा घेऊन तो त्यांनी माझ्या नाकाशी धरला. तोंड दाबून बाहेर पळाले. मी गोठ्याच्या भिंतीला हात टेकून उभी राहिले, तर तांबडी गायसुद्धा तोंड फिरवून उभी.

रात्री हे जेवायला बसले ते तशाच नखांनी. बोटं चाटत म्हणाले, "भाजीला तेल कुठलं वापरलंस? वेगळंच लागतंय."

"तेच. तुम्ही शेगडीवर सांडलंत ते."

मनगटावर सोडा उडून कातडी सोलली होती, ते मला तेव्हा दिसलं. दुखतंय म्हणून बोलणार नाहीत. हात धुऊन घेतला, पट्टी बांधली. बांधताना त्या नखांचा वास येत होता, तरी फुंकर घातली. नवरा आहे, टाकून थोडाच देता येतो.

एवढं करून गाडी पूर्वी जिथं थांबायची त्याच्या जरा पुढं जाऊन थांबली. पाववाला म्हणाला, "काका, आज प्रगती आहे!"

मग मोबाईलवर एक माणूस सापडला. कुठल्या मुलखातला होता कोण जाणे, त्याच्या भाषेतलं अक्षर यांना कळत नव्हतं, पण तो हातानं मापं दाखवत होता. जेवता जेवता हे मला समजावून सांगायला लागले. "धूर नुसता बाहेर सोडायचा नाही. नळी आधी रुंद होत जायची, मग पोट, मग अरुंद. टू-स्ट्रोकमध्ये थोडं न जळलेलं पेट्रोल धुराबरोबर पळून जातं. पुढं अरुंद असलं की धक्का उलटा येतो आणि ते पळालेलं परत आत ढकलतो. गाडीला जोर."

"म्हणजे ओकलेलं परत गिळायचं."

"तस्सं!" हे उजळले. मला समजलं याचा एवढा आनंद. मला मात्र घास जाईना.

घरामागं कामाला सुरुवात झाली. पोटासाठी फुटक्या पाणीपंपाचा पाइप मिळाला. अरुंद टोकासाठी ऑइलचा डबा कापून वळवला. लोखंडी फाटकं बनवणाऱ्याकडून वेल्डिंगचं मशीन उसनं आलं. डब्याचा पत्रा पातळ. कांडी टेकवली की भोक. भोकावर ठिगळ लावायचं, ठिगळाला भोक पडायचं, त्यावर आणखी ठिगळ. जळक्या रंगाचा धूर गोठ्यात भरायचा. यांचे डोळे लाल झाले, पाणी गळायला लागलं, ते काळ्या हातानं पुसायचे आणि गालावर पट्टे ओढायचे. धार काढायला आले तर काळी गाय लाथ झाडायची. त्या हातांचा वास तिला नको होता. मला तरी कुठं हवा होता? पण मला लाथ झाडता येत नव्हती.

एकच तुकडा अडला. रुंद होत जाणारा. पत्रा तसा गोल वळेना. वळला तर कडा जुळेनात. हे घरभर नुसते फिरायला लागले, उंदराच्या मागावरच्या बोक्यासारखे.

आणि दुसऱ्या सकाळी माझं नरसाळं खुंटीवर नव्हतं.

आईच्या घरून आणलेलं, जाड स्टीलचं, रुंद तोंडाचं, कड बाहेर वळवलेली. त्यात फडकं बसवून मी चरवीतलं दूध कॅनमध्ये गाळायची. सांडायचं नाही, थेंब वाया जायचा नाही.

"चेपलं ते," हे म्हणाले. "गायीचा पाय पडला. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. हे घे, नवीन आणलंय."

हातात नारिंगी प्लॅस्टिकचं नरसाळं. पुसून लख्ख केलेलं.

"याला ओरखडे कसे?"

"दुकानात वरच टांगलेलं होतं. चालतंय की."

मी ते हातात फिरवत उभी राहिले. खरं सांगायचं तर जुन्याचं वाईट वाटायच्या आधी मला बरंच वाटलं. न मागता या माणसानं माझ्यासाठी काही आणल्याचं आठवत नव्हतं. आणि मी वेडी, तोंड लपवून हसले. वास आला नाही का म्हणाल, तर घरात त्या आठवड्यात पेट्रोल, सोडा, जळका रंग यांखेरीज दुसरा वासच नव्हता. माझं नाक मेलेलंच होतं.

गाडीला नवी नळी बसली. काळा रंग फासलेली, पोट सुटलेली, ठिगळाठिगळांची, अंगावर फोड आल्यासारखी. किक मारल्याबरोबर पत्रा फाडावा तसा आवाज झाला. गायी दोर ताणून मागं सरकल्या. कोंबड्या दिसेनाशा झाल्या.

पण चढाला ती नळी बोलली. पायथ्याशी यांनी मूठ पिळली, आणि ज्या जागी मी रोज उतरायची ती जागा मागं गेली. मी घट्ट धरून बसले. पुढं पाववाला. "धर!" म्हणून हे ओरडले आणि आम्ही त्याला ओलांडलं. त्याचं तोंड उघडंच. मीही ओरडले. खोटं कशाला बोलू, मजा आली. तोंड स्वच्छ, पाय स्वच्छ, आणि ऊन पत्र्यापासून अजून लांब.

नाक्या म्हणाला, "अरे वा, आज पहिल्या फळीत!" माझा कॅन ओढला, टाकीकडं तिरका केला, आणि थांबला. कॅन परत सरळ केला. वाकला.

माझ्या कॅनवर वाकला.

"वहिनी, यात काय पडलंय?"

"काय पडणार? कुठं काय?"

"रॉकेल म्हणा, पेट्रोल म्हणा. काहीतरी आहे."

मी वास घेतला. मला दुधाचाच आला. मागं शिलाईवाल्याची बायको उभी होती. तिच्या दोन गायी, आणि दूध असं की त्यातून पलीकडचं दिसावं. तिनं गोड आवाजात सांगितलं, "उन्हाळ्यात भांडी जरा जास्त घासावी लागतात गं."

दोन्ही कॅन परत आले. घरी कुत्र्यापुढं थाळीभर ठेवलं. कुत्र्यानं हुंगलं, माझ्याकडं पाहिलं आणि जाऊन सावलीत पडलं. बाकीचं मी खड्ड्यात ओतलं. गुरांच्या मुतावर दूध पसरत गेलं, माश्या बसल्या. बघवलं नाही.

"तुझं फडकं आंबलं असेल," हे म्हणाले.

"तुमच्या नळीचा धूर लागला असेल."

"धूर मागं जातो. कॅन पुढं. एवढं तरी कळतं का?"

तरी मी कॅनच्या झाकणांवर प्लॅस्टिक बांधलं. फडकं उकळलं. कॅन राखेनं घासले, पुन्हा पाण्यानं, पुन्हा राखेनं. बोटांच्या भेगांतून रक्त आलं. सकाळी धार काढली, गाळलं, निघालो.

नाक्यानं झाकण काढलं आणि मान हलवली.

मी भांडले. दूध चांगलं आहे म्हटलं, तुमचं नाक बिघडलं असेल म्हटलं. आमच्या केंद्रावर एक रीत आहे: घेणाऱ्याशी वाद घातला की त्यानं वाटी भरून पुढं करायची, आणि आणणाऱ्यानं आपलं दूध सगळ्यांदेखत प्यायचं. नाक्यानं वाटी बुडवली. पुढं केली.

"घ्या."

अख्खी रांग माझ्या तोंडाकडं बघत होती. हे दारात गाडीपाशी, किल्ली बोटाभोवती फिरवत. मी वाटी तोंडाला लावली. धारोष्ण दूध, आधी गोड लागलं, मग घशाशी गेलं आणि तिथं तो चढावरचा धूर बसला. अगदी तोच. तेलाचा पातळ थर टाळूला चिकटला. मी दात आवळले, गिळलं, तळापर्यंत गिळलं.

"चांगलं आहे," म्हटलं. डोळ्यांत पाणी आलं होतं.

नाक्या हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, तुमचं आहे म्हणून आणखी एकदा बघतो. उद्याही वास आला तर मला तुमचं दूध बंद करावं लागेल. एक कॅन घेतला तर टाकीभर दूध जातं, तुम्हाला मी काय सांगू."

दुसरं केंद्र गाडीनंही गाठता येत नाही इतकं लांब. दूध बंद म्हणजे गायी विकायच्या. त्यापुढचा विचार मी केलाच नाही.

घरी आले ती थेट आधण ठेवलं. घरातली दुधाची प्रत्येक वस्तू काढली आणि उकळतं पाणी ओतत सुटले. चरवी. झाकणं. पळी. नारिंगी नरसाळ्यात ओतलं आणि वाफ थेट तोंडावर आली. मेलेल्या नाकालासुद्धा ती कळली. मी नरसाळं उलटं करून उजेडाकडं धरलं. नळीच्या आत, जिथं बोट जात नाही तिथं, चिकट तपकिरी कडं. पाण्यावर सप्तरंगी तवंग फिरत होता.

मी अंगणात गेले. गाडीपाशी बसले. नळीचं पोट सुरू होतं तिथं, काळ्या रंगाखाली, बाहेर वळवलेली कड. बोट फिरवलं. ती कड माझ्या बोटाला डोळे मिटूनही ओळखता आली असती.

"अहो."

"काय?"

"हे नरसाळं कुठल्या दुकानातलं?"

हे, आपण काहीच केलं नाही अशा आवाजात, "धुतलं होतं की मी. साबणानं. दोनदा."

"पेट्रोल ओतायचं नरसाळं तुम्ही मला दुधाला दिलंत?"

"अगं, तुझं तिकडं बसलं. मग हे मोकळंच होतं ना."

"आणि पेट्रोल कशानं ओतता?"

"बाटली कापली एक. तिला काय होतंय."

म्हणजे इंजिनाला स्टील, पेट्रोलला नवी बाटली, आणि दुधाला उरलेलं. त्यांच्या हिशेबात काही चुकलेलंच नव्हतं. मला राग आला नाही. त्या तोंडाकडं, त्या 'धुतलं, धुतलं' सांगणाऱ्या ओठांकडं बघून किळस आली, आपल्याच जेवणात माशी सापडावी तशी. आणि त्याहून जास्त, मी तोंड लपवून हसले होते त्याची.

"उद्या नाक्यादादांना तुम्ही सांगायचं," मी म्हटलं. "मी नाही."

"सांगतो की. त्यात काय."

सकाळी मी नरसाळ्याशिवायच दूध भरलं. उकळलेलं फडकं कॅनच्या तोंडाला बांधून तांब्यातांब्यानं, सांडत, पण स्वच्छ. गाडीनं चढ झपाट्यात घेतला. मी ओरडले नाही.

नाक्या वाकला. बराच वेळ वाकलेला. "आज नाही येत," म्हणाला. "पण होतं काय, ते सांगा. कारण कळल्याशिवाय मी टाकीत घेणार नाही. परवा पुन्हा तेच झालं तर?"

मी यांच्याकडं पाहिलं. हे रांगेकडं बघत, खांदे उडवत म्हणाले, "काय असणार? हिच्याकडून कॅन नीट धुवायचे राहिले. आता दम भरलाय चांगला."

पुरुषांनी माना डोलावल्या. शिलाईवाल्याची बायको म्हणाली, "मी म्हटलंच होतं."

माझ्या हाताच्या भेगा अजून ओल्या होत्या. मी म्हटलं, "पेट्रोलचं नरसाळं यांनी धुऊन मला दुधाला दिलं. नवीन आणलंय म्हणून. आणि माझं स्टीलचं कापून गाडीच्या सायलेन्सरला जोडलं."

मला वाटलं, आता हे जमिनीत जातील. मीच मान खाली घातली, यांच्या वाट्याची.

मग मागून कुणीतरी फुसकन हसलं. आणि सगळ्यात मोठ्यानं हसले ते आमचे हे.

"जोडलं म्हणजे? कुठं जोडलं?" एकानं विचारलं.

"बघायचंय? चला!"

रांग मोडली. सगळे बाहेर. शिलाईवाल्याची बायको दारात. नाक्यासुद्धा वाटी ठेवून गेला. गाडी सुरू झाली, पत्रे हादरले. यांचा आवाज त्यावरून ऐकू येत होता, "आधी रुंद, मग पोट, मग अरुंद! एक पैसा लागला नाही!" कुणी म्हणालं, "डोकं आहे, दादा!" कुणी म्हणालं, "माझ्या गाडीला पण करून दे." पाववालाही थांबला असावा, त्याचा हॉर्न वाजला.

आत मी आणि दोन कॅन. दूध उन्हाळ्यात माणसांची वाट बघत नाही. मी कॅन सावलीत ओढले.

नाक्या हसत हसत आत आला. "वहिनी, काही म्हणा, माणूस अवली आहे तुमचा." वाटी उचलली. बोटांना नळीचं काळं तेल लागलं होतं, अंगठ्याच्या नखापर्यंत. ती बोटं वाटीसकट कॅनकडं आली.

मी कॅनच्या तोंडावर हात ठेवला.

"हात धुवून या."

"अहो वहिनी, घाई आहे..."

"हात धुवून या, दादा."

मागं माणसं परत रांगेला लागत होती. ती थांबली. नाक्यानं शटरकडं पाहिलं. ऊन पत्र्यावर आलंच होतं. त्यानं हात वर करून ओढलं असतं तर त्याला कुणी विचारणार नव्हतं. गायी माझ्या डोळ्यांपुढून गेल्या, आधी तांबडी, मग काळी. तरी मी हात काढला नाही.

तो नळाकडं गेला. ओल्या हातांनी परत आला. मी त्याचं मनगट धरलं, वर ओढलं आणि बोटांचा वास घेतला.

"अजून एकदा," म्हटलं. "साबणानं."

कुणी हसलं नाही. नाक्या पुन्हा गेला. साबण बराच वेळ फिरत असल्याचा आवाज येत होता. आला, वाकला, वाटी बुडवली, वास घेतला, चाखलं.

"ओता."

मी कॅन उचलला. दूध टाकीत जाड धारेनं पडायला लागलं.

"अगं, झालं का?" बाहेरून यांची हाक आली. "ये लवकर, गाडी तापतेय!"

मी दुसरा कॅन उचलून वाकवला.